अमेरिकेतल्या मराठी डॉक्टरांना खुलं पत्र: व्हेटरनची जळजळ कागदावर नीट लिहा

सगळ्या मराठी डॉक्टर मंडळींना नमस्कार, आणि त्यातही जे इंटर्नल मेडिसिन, फॅमिली प्रॅक्टिस किंवा गॅस्ट्रोमध्ये आहेत त्यांनी जरा वेळ काढून हे शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

मी टेक्ससमध्ये काउंटीच्या व्हेटरन्स ऑफिसात काम करते. सैन्यातून बाहेर पडलेल्या लोकांचे डिसॅबिलिटी क्लेम भरून देणं, नकार आला की अपील कुठल्या रस्त्याने न्यायचं ते बघणं हे माझं रोजचं काम, त्याचे व्हेटरनकडून पैसे घेत नाही. क्लेम गुडघ्याचे असतात, पाठीचे, कानाचे, पीटीएसडीचे (युद्धासारख्या आघातानंतरचा मानसिक त्रास). पण तुमच्याशी बोलायचंय ते ॲसिड रिफ्लक्सच्या क्लेमबद्दल, म्हणजे जीईआरडी, तुम्ही लोक ज्याला गर्ड म्हणता. या क्लेमचं काय होणार हे बऱ्याचदा व्हीएच्या, म्हणजे अमेरिकन सरकारच्या व्हेटरन्स खात्याच्या, टेबलावर जायच्या आधीच ठरलेलं असतं, तुमच्या क्लिनिकमध्ये, तुम्ही नोटमध्ये काय लिहिलं आणि काय लिहायचं राहून गेलं त्यावर.

आधी एक गोष्ट. ॲसिडिटीसाठी कसली डिसॅबिलिटी, ती तर सगळ्यांनाच असते, एक गोळी घ्या आणि झोपा, असं खूप जणांना वाटतं, तुमच्यातल्याही काहींना वाटत असेल. पण जो माणूस आडवा झाला की आंबट पाणी घशाशी येतं म्हणून वर्षानुवर्षं उशा रचून अर्धवट बसून झोपतो, मध्यरात्री ठसका लागून उठतो, घास अडकतो म्हणून चारचौघांत जेवायचं टाळतो, त्याला झोप नाही, मग दिवसा कामावर लक्ष नाही, ही काय किरकोळ गोष्ट आहे का? आणि हे सगळं आलं कुठून हे बघितलं तर बऱ्याचदा सर्व्हिसपर्यंतच, म्हणजे सैन्यातल्या नोकरीपर्यंतच जातं. पॅराशूटच्या उड्या, पाठीवर ओझं घेऊन मैलोन्मैल चालणं, गुडघा गेला, पाठ गेली, मेडिककडे गेलं की ८०० मिलिग्रॅमची आयबुप्रोफेन हातात. ती इतकी सर्रास मिळते की सैनिकांनी तिचं नावच रेंजर कँडी ठेवलंय. पुढे युनिफॉर्म उतरवला तरी दुखणं तेच आणि गोळी पण तीच, दहा-पंधरा वर्षं, आणि मग एक दिवस तो तुमच्यासमोर येऊन बसतो आणि तुम्ही लिहिता, गर्ड, स्टेबल ऑन पीपीआय, फॉलोअप सहा महिन्यांनी. (पीपीआय म्हणजे पोटातलं ॲसिड कमी करणारी गोळी.)

मेडिकल नोट म्हणून ती बरोबरच आहे. फक्त क्लेमची फाईल उघडणारा माणूस डॉक्टर नसतो, त्याला समोर पेशंट दिसत नाही, त्याला दिसतं ते एवढंच, की आजार आहे आणि गोळीने बरा आहे.

व्हीएचे नियम थोडक्यात सांगते कारण ते माहीत नसतील तर बाकीचं कळणार नाही. पूर्वी गर्डला स्वतःचा रेटिंग कोडच नव्हता, हायेटस हर्नियाच्या (पोटाचा भाग छातीत सरकतो त्या आजाराच्या) ७३४६ या कोडखाली बसवायचे. त्यात छातीतली जळजळ, अन्न वर येणं, गिळायला त्रास, छातीच्या हाडामागे किंवा हाता-खांद्यात दुखणं, असल्या लक्षणांवर १०, ३० किंवा ६० टक्के डिसॅबिलिटी मिळायची. १९ मे २०२४ पासून ते बदललं. आता गर्डला ७२०६ हा वेगळा कोड आहे पण टक्के ठरतात ते अन्ननलिका आकुंचन पावण्याच्या, म्हणजे स्ट्रिक्चरच्या हिशोबाने. आजाराची नोंद आहे पण रोजचा त्रास नाही, रोज औषध लागत नाही, तर शून्य. स्ट्रिक्चरची नोंद आहे आणि गिळायचा त्रास आटोक्यात ठेवायला रोज औषध लागतं, तर १०. स्ट्रिक्चर परत परत होतं आणि वर्षातून दोनपर्यंत वेळा डायलेट करावं, म्हणजे ताणून रुंद करावं लागतं, तर ३०. तीन किंवा जास्त वेळा, किंवा स्टेरॉइड देऊन डायलेशन, किंवा स्टेंट, तर ५०. त्याच्या वर ८०, ते फार वाईट अवस्थेतल्या लोकांसाठी, ॲस्पिरेशन होतंय (अन्न-पाणी श्वासनलिकेत जातंय), वजन ढासळलंय, ऑपरेशन किंवा पोटात नळी घालायची वेळ आलीय असे.

तुम्ही डॉक्टर आहात, यातली अडचण तुम्हाला माझ्याआधी दिसली असेल. पीपीआय नीट घेणाऱ्या माणसाला स्ट्रिक्चर सहसा होतच नाही, त्यासाठीच तर तुम्ही ती गोळी देता. म्हणजे रात्रभर बसून काढणारा, रोज दोनदा गोळी खाणारा माणूस या तक्त्यात धड कुठेच बसत नाही, आणि एंडोस्कोपी नॉर्मल आली (तशी ती कितीतरी जणांची येते, आजार असूनही) की तो शून्यावर अडकायची भीती. मला हा बदल अन्यायकारक वाटतो आणि तो परत बदलावा म्हणून बोलत राहायला पाहिजे, पण तो होईपर्यंत जे आहे त्यात तुमच्या हातात काय आहे ते सांगते.

गिळताना त्रास होतो का, हे विचारा. खरंच विचारा, कारण पेशंट आपणहून सांगत नाही. तो जळजळ सांगेल, कारण त्याला तीच मुख्य वाटते, घास अडकतो ते सांगणार नाही, त्याने पाण्याचा घोट घेऊन ढकलायची सवय करून घेतलेली असते. तो हो म्हणाला तर किती वेळा, कशाने, घट्ट अन्न का पातळ पण, हे लिहा आणि औषध रोज लागतं हे पण स्पष्ट लिहा, बंद केलं तर काय होतं तेही. त्रास असेल तर बेरियम स्वॉलो (बेरियम पाजून काढलेला एक्स-रे), सीटी किंवा एंडोस्कोपी यांपैकी काहीतरी रेकॉर्डवर लागतं, नियमातच तसं आहे, तुमच्या नुसत्या शब्दावर स्ट्रिक्चर मानत नाहीत. गॅस्ट्रोवाल्यांनी डायलेशन केलं की तारीख, किती मिलिमीटरपर्यंत नेलं, आणि ते किती दिवस टिकलं हे नोंदवावं, कारण नियमात परत होणाऱ्या स्ट्रिक्चरची व्याख्या अशी आहे की ठरवलेला व्यास गाठल्यावर तो चार आठवड्यांपुढे टिकत नाही. व्यासच लिहिला नसेल तर तो टिकला का नाही हे कोण कसं सिद्ध करणार? आणि बॅरेट्स, म्हणजे रिफ्लक्समुळे अन्ननलिकेच्या अस्तरात झालेला बदल, निघालं तर त्याला आता ७२०७ हा वेगळा कोड आहे, स्ट्रिक्चर नसलं तरी लो ग्रेड डिस्प्लेझियाला (कॅन्सरआधीच्या पेशींच्या बदलाला) १० आणि हाय ग्रेडला ३० टक्के, तेव्हा पॅथॉलॉजी रिपोर्ट पेशंटच्या हातात द्या, पोर्टलवर आहे म्हणून सोडून देऊ नका, साठीच्या पुढच्या माणसाला पोर्टल जमत नाही.

जे नाही ते लिहा असं मी मुळीच म्हणत नाहीये. ज्याला त्रास नाही त्याला नाही असंच लिहा. खोट्या कागदाने खऱ्या माणसांचे क्लेम पण संशयात येतात, ते आम्ही बघतो.

आता पैशाचं. २०२५ च्या दराने १० टक्क्यांना महिन्याला साधारण १७५ डॉलर मिळायचे, एकट्या माणसाला ३० टक्क्यांना ५३७. वेगवेगळ्या आजारांचे टक्के सरळ बेरीज करून मिळत नाहीत, व्हीएचं गणित वेगळं आहे, त्यात मी शिरत नाही. पण शून्य टक्के मिळाले तरी सर्व्हिस कनेक्शन मिळणं, म्हणजे आजाराचा सैन्यातल्या नोकरीशी संबंध मान्य होणं, ही मोठी गोष्ट आहे हे लोकांना कळत नाही. त्या आजाराचा इलाज व्हीएकडे फुकट होतो, आणि उद्या त्याच रिफ्लक्सपोटी बॅरेट्स झालं, कॅन्सर झाला, तर तो आधीच्या मान्य आजारातून झाला एवढंच दाखवावं लागतं. माणूस गेला तर त्याच्या बायकोच्या भत्त्याचा प्रश्न येतो, तिथेही हाच धागा लागतो. म्हणून शून्य मिळणार तर कशाला भांडायचं असं पेशंट म्हणाला तर त्याला हे सांगा.

कनेक्शन, तिथेच सगळ्यात जास्त क्लेम पडतात आणि तिथेच तुमचं पत्र लागतं, ज्याला सगळे नेक्सस लेटर म्हणतात.

गर्ड थेट सर्व्हिसमध्ये सुरू झालं हे दाखवणं अवघड असतं कारण सैन्यात कोणी जळजळीसाठी सिक कॉलला, म्हणजे तिथल्या डॉक्टरी तपासणीला जात नाही, टम्सच्या अँटासिड गोळ्या खिशात ठेवतात आणि ड्यूटी करतात. (तरी रेकॉर्डमध्ये नोंद नाही एवढ्याच कारणाने व्हेटरनचं म्हणणं फेटाळता येत नाही, फेडरल सर्किट कोर्टाने २००६ साली ब्यूकॅनन केसमध्ये ते सांगितलंय, आणि छातीत जळजळ होत होती हे सांगायला माणसाला डॉक्टर असावं लागत नाही. बायकोचं, बरोबरच्या सोल्जरचं लेखी म्हणणं पण चालतं.) पण जास्त क्लेम जातात ते दुसऱ्या रस्त्याने. गुडघा किंवा पाठ किंवा पीटीएसडी आधीच मान्य झालेलं असतं, आणि त्यातून किंवा त्याच्या औषधातून रिफ्लक्स झाला असं म्हणायचं असतं. याला सेकंडरी कनेक्शन म्हणतात. यात दोन वेगळे प्रश्न असतात, एक, त्याच्यामुळे झाला का, आणि दोन, आधीच असलेला त्याच्यामुळे वाढला का. १९९५ च्या ॲलन केसपासून दुसऱ्याची पण भरपाई मिळते. आणि नेमकं हेच दुसरं उत्तर कागदावर नसतं! सी अँड पी, म्हणजे व्हीएची क्लेमसाठीची तपासणी, करणारे एक्झामिनर लिहून मोकळे होतात की एनसेडमुळे (आयबुप्रोफेनसारख्या वेदनेच्या गोळ्यांमुळे) अल्सर होतो, गर्ड होत नाही, आणि वाढलं का यावर चकार शब्द नाही. मग व्हीएचं अपील बोर्ड फाईल परत पाठवतं, नवीन एक्झाम, नवीन वाट बघणं, आणि त्यात माणसाचं वय जातं.

तुम्ही पत्र लिहाल तेव्हा दोन्हीची उत्तरं वेगवेगळ्या वाक्यांत द्या. वाढला असं म्हणायचं असेल तर आधी किती होता ते पण लिहा, कारण व्हीए ती आधीची पातळी वजा करून बाकीचं मोजते. २०१४ ला आठवड्यातून दोनदा जळजळ, अँटासिडने भागायचं, नेप्रोक्सेन (तशीच वेदनेची गोळी) रोज सुरू झाल्यावर २०१६ ला रोजचं, पीपीआय दिवसातून दोनदा, असं. हे तुमच्या चार्टमध्येच असतं, शोधायला फार तर पंधरा मिनिटं.

वजनाचंही तसंच. गुडघ्यामुळे हालचाल बंद, वजन वाढलं, पोटावरचा दाब वाढला, रिफ्लक्स झाला, ही साखळी तुम्ही रोज बघता. व्हीए लठ्ठपणाला स्वतंत्र आजार म्हणून भरपाई देत नाही, पण २०१७ मध्ये त्यांच्याच जनरल काउन्सेलने लेखी मत दिलंय की तो मधला दुवा असू शकतो. त्यासाठी मान्य आजारामुळे वजन वाढलं का, ते वजन रिफ्लक्सचं मोठं कारण आहे का, आणि वजन वाढलं नसतं तर रिफ्लक्स झाला असता का, याची उत्तरं लागतात. दुखापतीच्या आधीचं वजन, नंतरची दर व्हिजिटची वजनं, फिजिकल थेरपीच्या नोट्स, हा सगळा पुरावा तुमच्याकडेच पडून आहे, व्हेटरनला ते माहीतही नसतं. पीटीएसडीच्या बाबतीत कुठलं औषध चालू आहे ते बघा, ट्रायसायक्लिक (डिप्रेशनवरच्या औषधांचा एक जुना प्रकार) असेल तर अन्ननलिकेची झडप सैल पडते हे तुम्हाला माझ्याकडून ऐकायची गरज नाही.

आणि खात्री किती असायला हवी, इथे चांगले चांगले डॉक्टर मागे सरकतात. तुम्हाला ९५ टक्क्यांची सवय, पी व्हॅल्यू ०.०५ च्या वर गेली की तुम्ही बोलायला तयार नसता. व्हेटरनच्या कायद्याला तेवढं लागत नाही. पारडी सारखी असली तर निकाल व्हेटरनच्या बाजूने द्यायचा असं कायद्यातच आहे, १९९० च्या गिल्बर्ट केसमध्ये कोर्टाने ते नीट समजावून सांगितलंय. म्हणजे निम्मी शक्यता पुरे. पत्रात जे शब्द हवे असतात ते "ॲट लीस्ट ॲज लाइकली ॲज नॉट". तुम्ही सावधपणा म्हणून "मे बी", "कुड बी" लिहिता, तुम्हाला वाटतं मदत केली, आणि तिकडे ते पत्र नुसता अंदाज म्हणून बाजूला पडतं. प्रामाणिकपणे निम्म्याच्या खाली वाटत असेल तर पेशंटला तोंडावर सांगा आणि पत्र देऊ नका, तेही आम्हाला चालतं, निदान माणूस दुसरा विचार करतो.

कारण मात्र लिहाच. नुसतं "माझ्या मते संबंध आहे" आणि खाली सही, याला वजन नाही. २००८ च्या निएव्हेस-रॉड्रिगेझ केसमध्ये कोर्टाने म्हटलंय की डॉक्टरच्या मताची किंमत त्यामागच्या कारणांत असते, नुसती क्लेमची फाईल वाचली का नाही यावर ती ठरत नाही. हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे कारण पुष्कळ डॉक्टर म्हणतात, आम्ही त्याची सर्व्हिसची फाईल बघितलेली नाही, आम्ही कसं लिहू? तुम्ही त्याला किती वर्षं बघताय, काय औषधं दिली, कशाने वाढलं, कशाने उतरलं, आणि वैद्यकीयदृष्ट्या असं का होतं, एवढं एका पानात आलं तरी ते पत्र भक्कम होतं. एक्झामिनरने विरोधात मत दिलं असेल तर त्याची कॉपी मागून घ्या आणि त्याच्या मुद्द्याला थेट उत्तर द्या.

कोर्टकचेरीची भीती काढून टाका. व्हीएच्या क्लेममध्ये समोर वकील उभा राहून तुमची उलटतपासणी घेत नाही, ती प्रोसेसच तशी नाहीये. तुमच्या हॉस्पिटलचा नियम असेल की असली पत्रं द्यायची नाहीत, तर तो तुम्ही मोडावा असं मी म्हणणार नाही, पण मग निदान व्हिजिटची नोट तरी पूर्ण लिहा, ती पण पुरावाच आहे. अन्ननलिकेच्या आजारांचा व्हीएचा डीबीक्यू फॉर्म (आजाराची प्रश्नावली) पण खाजगी डॉक्टरला भरता येतो. आणि तुमच्यातले जे सी अँड पी एक्झाम करतात त्यांना माझं एवढंच सांगणं, की नाही म्हणायचं तर जरूर म्हणा, पण दोन्ही प्रश्नांना नाही म्हणा आणि प्रत्येकाचं कारण द्या, "सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोंद आढळली नाही" हे कारण होत नाही.

हे मराठी डॉक्टरांनाच का लिहितेय असं कोणी विचारेल. तुमच्यापैकी कितीतरी जण बी.जे., जी.एस., ग्रँट, मिरज, नागपूरहून इथे आलात आणि रेसिडेन्सीतले महिनेच्या महिने व्हीए हॉस्पिटलच्या वॉर्डात काढलेत, हात तिथे बसलाय तुमचा, काहींना तर जे-वन वेव्हरच (ट्रेनिंगनंतर मायदेशी परतायच्या अटीतून सूट) व्हीएच्या नोकरीमुळे मिळाला. त्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांनी तुमचे तेव्हाचे ॲक्सेंट समजून घेतलेत आणि शिकाऊ हातांना आपली शीर दिलीय. तुमच्यातले कोणी एएफएमसीचे आहेत, कोणी सातारा-कोल्हापूरकडच्या फौजी घरातले, त्यांना भारतातली डिसॅबिलिटी पेन्शन ठाऊक असेल, तिथेही भांडण हेच असतं, आजार नोकरीमुळे झाला का, नोकरीमुळे वाढला का, आणि २०१३ साली धरमवीर सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की ते सिद्ध करायचं ओझं जवानावर नाही. आणि आता आपलीच इथे वाढलेली मुलंमुली नेव्हीत, एअर फोर्समध्ये जातायत, काही जण मॅव्हनीतून (परदेशी नागरिकांना सैन्यात घ्यायची योजना) आर्मीत गेले आणि नागरिक झाले. त्यांची आई फोनवर मला विचारते तेव्हा तिला पण मी हेच सांगते, की पहिला कागद डॉक्टरचा.

एक मात्र करा, पत्रासाठी पेशंटला कुठल्या तरी वेबसाईटवर हजारो डॉलर भरायला लावू नका. पहिल्या क्लेमसाठी फी घेणं कायद्यात बसत नाही, तरी मान्यता नसलेल्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी पैसे काढतात. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या व्हेटरन्सच्या संघटना किंवा काउंटीचा ऑफिसर, यांच्याकडे पाठवा, तिथे फुकट होतं. आणि बीएमएमच्या, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, अधिवेशनाला डॉक्टर मंडळी एकत्र जमता तेव्हा यावर एक तास ठेवा, आमच्यासारखं कोणीतरी येऊन एखादा नमुना समोर ठेवून दाखवेल.

शेवटचं, तारखांचं. पेशंट पत्र मागायला आला की त्याच्या नकाराच्या पत्रावरची तारीख आधी विचारा. फेब्रुवारी २०१९ पासून अपीलचे तीन रस्ते आहेत. हायर लेव्हल रिव्ह्यूमध्ये नवीन पुरावा घेतच नाहीत, तिथे तुमचं पत्र कोणी वाचणार नाही. सप्लिमेंटल क्लेममध्ये घेतात, आणि बोर्डाकडे एव्हिडन्स डॉकेट घेतलं असेल तर अपील केल्यापासून ९० दिवसांत घेतात. नकारापासून एक वर्षाच्या आत सप्लिमेंटल गेला तर मान्य झाल्यावर पैसे सहसा मूळ क्लेमच्या तारखेपासून धरतात, वर्ष उलटून गेलं की नवीन अर्जाच्या तारखेपासून, म्हणजे मधली सगळी भरपाई बुडाली. तुमच्या फ्रंट डेस्कला सांगून ठेवा की असं पत्र मागितलं तर तीस दिवसांच्या फॉर्मच्या ढिगात टाकू नका, तारीख वर लिहून सरळ तुमच्याकडे आणून द्या.

तुमची,
टेक्ससमधली एक व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर